कल्हई

दिंडोरी रोडच्या प्रयोगशाळेत माझ्याकडे देठ येतात.
छाटणीनंतर पंचेचाळिसाव्या दिवशी तोडलेले,
घडासमोरच्या पानाचे,
कागदी पिशवीवर पेन्सिलीने गट नंबर
आणि वाण: सोनाका, माणिक चमन.
मी ते धुते, वाळवते, दळते,
आम्लात विरघळवून ज्योतीत सोडते.
प्रत्येक धातूचा दिवा वेगळा.
जस्ताचा लावला की यंत्र जस्तालाच ओळख देतं,
बाकीच्यांकडे काणाडोळा.

जस्त कमी पडलं की पान बारकं राहतं,
शिरांच्या मधे पिवळं पडतं,
घडातले मणी एकसारखे भरत नाहीत.
मी शेऱ्यात लिहिते, फवारणी, ऊन चढायच्या आत.
पंधरा दिवसांनी फोन येतो:
ताई, फरक आहे.

अच्युतदादाचा अहवाल कॅनडा कॉर्नरवरून आला.
जस्त बावन्न.
तांबं एकशे बहात्तर.
मी उभ्याउभ्याच वाचला, सवयीने शेऱ्याचा रकाना शोधला.
तो नव्हता.

तांबट लेनमध्ये आता मोजून चार ठोके उरलेत.
पाचवा आमचा. संक्रांतीपासून बंद.
अर्धं मठारलेलं घंगाळ मांडीशी घेऊन
दादा बसतो, हातोडी जमिनीवर,
जणू ती दुसऱ्या कुणाची, कुणीतरी न्यायला येणार आहे.
आंघोळीला गेला की बादली भरल्याचा आवाज येतो,
मग काहीच येत नाही.
वहिनी दाराशी उभी राहते. हाक मारत नाही.
जेवताना म्हणतो, चव नाही.
ती मीठ वाढवते.
तो म्हणतो, हं.

काकू म्हणाल्या, धंद्याचंच तांबं अंगात भिनलं.
आईला ते लागलं. चार पिढ्या काय विष कुटत होत्या?
तिचं निदान निराळं:
कल्हई उडाली की ताक कळकतं,
यात ताकाचा काय दोष, आणि भांड्याचा तरी काय.

डॉक्टर पिंगळेबाईंनी चष्मा काढला.
भांड्यांतून नाही येत हो हे.
आत कुठे काही धुमसत असलं
की तांबं चढतं, जस्त उतरतं.
मन मिटलं म्हणून आकडे असे,
की आकडे असे म्हणून मन मिटलं,
ते मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत.
जस्त देऊ या.
पण मुख्य गोळी ही, पांढरी. ही चुकवायची नाही.

मी रिक्षात हिशेब करत राहिले.
एवढ्याशा रक्तात कणभराच्याही कणाचा फरक,
आणि एवढा मोठा माणूस.
माझ्या वेलींनासुद्धा इतक्यावरून
कधी आकाश नकोसं झालेलं पाहिलं नाही.
पण वेल विचारत नाही, मी कशाला?
तो विचारतो. रात्री. भिंतीला.

वहिनी मटकीला मोड आणते,
तीळ भाजते, भोपळ्याच्या बिया सोलते,
सोलताना रडते, आणि बियांवर ढकलते.
पांढरी गोळी मी स्वतः मोजते.
आठवडा. तीन आठवडे. फोन नाही, फरक नाही.
सातव्या आठवड्यात एकदा म्हणाला,
आज आमटी खारट झालीये.
वहिनी स्वयंपाकघरात जाऊन
ओट्याला धरून उभी राहिली.

परवा मी कामावरून आले,
चपला काढत होते.
दादाने विचारलं, तुझ्या त्या यंत्रात
तांबं जळताना दिसतं कसं?
हिरवं, म्हटलं. निळ्याकडे झुकणारं.
तो घंगाळाच्या काठावरून बोट फिरवत होता.
माहीत आहे, म्हणाला,
भट्टीत बघितलंय. लहानपणी
बाबा झोपले की मी तेवढ्यासाठी तुकडा टाकायचो.

हातोडी उचलली नाही त्याने.
फक्त जमिनीवरून उचलून खुंटीला लावली,
तिच्या जागी.
आईने आतून विचारलं, कसला आवाज झाला?
आम्ही दोघंही काही बोललो नाही.